बिनफोडणीचं वरण

अनसिंगात नुसतं गोजराबाई म्हटलं तर एखादा विचारेल, कोणती? भाकरीवाली म्हटलं की बोट थेट स्टेशनाच्या रस्त्याकडे जातं. तिथं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रंगरावचं, विहिरीवर भिजणारं भाजीपाल्याचं वावर आहे आणि वावराला लागूनच घर. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, हंगामात कोबी. सकाळी तोडायचं, ओल्या पोत्यात गुंडाळायचं आणि बाजारात जाऊन बसायचं, हा तिचा धंदा. भाकरी तिने आजवर कोणाला विकलेली नाही.

भाकरीवाली ती झाली एका पावसाळ्यात. पुढे कुठेतरी रुळाखालची माती वाहून गेली आणि एक गाडी अनसिंगच्या स्टेशनावर अडकून पडली. वावरातून परतताना गोजराबाईने डब्यांच्या खिडक्यांतून बाहेर आलेली तोंडं पाहिली, घरी गेली आणि टोपल्यात होत्या तेवढ्या भाकरी घेऊन आली. तेवढ्याने काही होत नाही हे तिला फलाटावरच कळलं. मग ती गावात शिरली, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने हाक दिली. 'बायांनो, चुली पेटवा. गाडीतले लोक उपाशी हायेत.'

तिचा आवाज मोठा आहे. बाजारात बसून बसून तो झालेला. त्या दिवशी गल्लीमागून गल्ली धूर निघाला आणि दुपार कलायच्या आत फलाटावर भाकरी, ठेचा आणि कांदे पोचले. पुढे कोरोनाच्या काळात रुळाच्या कडेने पायी घरी निघालेल्या माणसांसाठी तिने हाक दिली. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीला आग लागून घरं जळाली, तेव्हाही दिली. तिची पद्धत ठरलेली होती. ज्या घराला जेवढं जमेल तेवढ्या भाकरी त्या घराने करायच्या. ती डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरे, प्रत्येक भाकरीवर अंगठा दाबून पाही, आणि जळकी किंवा काठ फुटलेली निघाली तर परत देई. 'हे तुया नवऱ्याले वाढ,' म्हणे. बाया हसत आणि दुसरी थापत.

पुण्य मिळावं असा विचार तिच्या मनात फारसा नसे. आपण हाक दिली की गाव हलतं, हे तिला आवडे. एरवी मेथीची जुडी घासाघीस करून घेणाऱ्या बाया त्या दिवशी तिच्या अंगठ्याकडे पाहत दारात उभ्या राहत. रंगरावला हे ठाऊक होतं. तो कमी बोलणारा माणूस. बायको टोपलं घेऊन निघाली की गुरांचं पाणी स्वतः पाही आणि गप्प राही.

मग राधिका आली.

राधिका अकोल्याची. अनसिंगात सून म्हणून आली ती गोजराबाईच्या बांधाला लागून असलेल्या घरात. तिच्या सासरचंही भाजीपाल्याचंच वावर. बी.कॉम. झालेली ही मुलगी भाजी तोडून थांबली नाही. तिने वावराच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं, गॅसच्या भट्ट्या आणल्या आणि लग्नकार्यांचा, शाळांच्या कार्यक्रमांचा स्वयंपाक घ्यायला लागली. पुढे वाशीमला आपत्तीत काय करावं याचं प्रशिक्षण झालं. त्यात तिचं नाव गेलं आणि ती एक नारिंगी जाकीट घेऊन परतली. गोजराबाईने ते जाकीट पहिल्यांदा पाहिलं ते दोरीवर वाळत घातलेलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'मदत पथक' असं होतं. वांगी तोडायची थांबून तिने अक्षर अक्षर लावून ते वाचलं.

'पाठीवर कायले ल्ह्यायचं?' ती रंगरावला म्हणाली. 'समोरच्याले दिसत नाही का, बाई काय करून राह्यली थे?'

'मागून येनाऱ्यासाठी असन,' रंगराव म्हणाला.

त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य गोजराबाईला कुसळासारखं टोचत राहिलं.

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात गारपीट झाली, पत्रे उडाले. गोजराबाई टोपलं घेऊन निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी तिने हाक दिली. एक दार उघडलं. 'काकू, आमी राधिकाच्या शेडात कणीक देऊन आलो ना. तिचा मेसेज आलता सकायीच.' पुढच्या दारातही तेच. तिसऱ्या घरात तर कोणी नव्हतंच. घरची बाई शेडात पुऱ्या लाटायला गेली होती. गोजराबाई रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन परतली, आणि वाटेत कोणी विचारू नये म्हणून तिने त्यात चार शेणाच्या गोवऱ्या टाकल्या.

तिला शेडातून हसण्याचा आवाज येई. तिथं पंखा होता. बाया पुऱ्या लाटत, त्यांचे फोटो निघत, ते फोटो फोनवर गावभर फिरत. पुरी टिकते, पाकिटात बसते, एका वेळी कढईतून किती निघतात त्याला हिशेब नाही. भाकर एकेक थापावी लागते. हे सगळं गोजराबाईला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते जास्त झोंबत होतं. राधिकाने एकदा तरी उर्मट बोलावं, याची ती वाट पाहत होती. राधिका बोलत नव्हती. भेटली की 'काकू' म्हणे, डोक्यावरचा पदर सारखा करी, आणि मेथीची जुडी न घासाघीस करता घेई. असल्या माणसाचा राग कसा करावा, हे गोजराबाईला कोणी शिकवलं नव्हतं. तिने तो स्वतःच्या रीतीने केला. राधिकाला देताना ती जुडी थोडी लहान बांधत असे.

यंदा सोयाबीन शेंगांवर असताना पावसाने धरलं ते सोडलंच नाही. बेलगव्हाणच्या नाल्याला रातोरात पूर आला. बेलगव्हाण हे अनसिंगपासून लांब नसलेलं, नाल्याच्या वळणात बसलेलं लहान गाव. खालची घरं पाण्यात गेली, लोक उंचावरच्या शाळेत चढले. आणि पवन नावाचा तिशीतला शेतकरी, नाल्याकाठी बांधलेली बैलजोडी सोडायला गेला तो परत आला नाही. बैल आले. लोकांनी त्याला पाण्यात एका बैलाचं शेपूट धरलेलं पाहिलं होतं. मग पाहिलं नाही.

ही बातमी सकाळी अनसिंगात आली आणि राधिकाच्या शेडात भट्ट्या पेटल्या. गोजराबाई कुंपणाशी उभी होती. तेल तापल्याचा वास आला, तशी ती चमकली.

बेलगव्हाणात ती वांग्या-मिरच्यांची रोपं विकायला जायची. तिला ते गाव घराघराने माहीत होतं. अख्खं बेलगव्हाण एकाच भावकीचं आहे. एक माणूस गेला की सगळ्या गावाला सुतक. आणि सुतकात या भागात कढई चढत नाही. तळण नाही, गोड नाही, फोडणीसुद्धा नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा शेजारीपाजारी आणि सोयरे जे जेवण नेतात, त्याला कडू घास म्हणतात. भाकर आणि बिनफोडणीचं वरण, एवढंच. राधिकालाही हे ठाऊक असणार. अकोला काही परमुलूख नाही. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तिथली सगळी घरं मिळून एकच घर आहे. तिच्या हिशेबी एका घराचा माणूस हरवला होता आणि बाकीचं गाव उपाशी होतं.

राधिका पिठाचे हात पुसत कुंपणापाशी आली. 'काकू, तुमचं येणं-जाणं आहे ना बेलगव्हाणले? पुरी-भाजी करून राह्यलो. आणखी काही पाहायचं का?'

गोजराबाईने तिच्याकडे पाहिलं. जाकीट नवंच होतं अजून. शेडात कोणी तरी फोन समोर धरून 'इकडे पाहा' म्हणत होतं. एक वाक्य सांगायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं.

'मले काय इचारतेस?' ती म्हणाली. 'तुले शिकवलं ना वाशीमले.'

राधिकाचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती 'बरं' म्हणून परत गेली.

गोजराबाई घरात आली, टोपलं काढलं आणि गल्लीत गेली. या वेळी तिने मोठ्याने हाक दिली नाही. शेडात न गेलेल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायांची घरं तिने निवडून धरली. भाकरी आणि नुसतं वरण, एवढंच सांगितलं. कोणी विचारलं, 'फोडणी नाही?' तर म्हणाली, 'तिथं गेलं का समजन.' दुपारपर्यंत टोपलं भरलं, वरणाचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, तयार झालं. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बेलगव्हाणच्या पुलाची कड खचली होती. जीपा, टेम्पो जात नव्हते. जात होता फक्त फुलसिंगचा ट्रॅक्टर. फुलसिंग मानोऱ्याकडच्या तांड्याचा, पन्नाशीचा गडी. तांडा जळाला त्या वेळेपासून गोजराबाईला बहीण मानणारा. त्याने ट्रॉलीत आधी राधिकाची खोकी चढवली, मग गोजराबाईचं टोपलं आणि गंज. दोघी समोरासमोर बसल्या. मध्ये पुऱ्यांची खोकी.

'आज एका ट्रॉलीत दोन हॉटेलं,' फुलसिंग म्हणाला. 'गिऱ्हाईक कोनाकडं जाते पाहू.'

'गप चालव रे,' गोजराबाई म्हणाली.

'मी तर चालवतोच. तुमीच मंधात भट्टी नका पेटवू.'

राधिका हसली. तिने टोपल्यावरचा फडका वाऱ्याने उडत होता तो वाकून नीट खोचला. गोजराबाईला तो हात झटकावासा वाटला. गाडीभर तेलाचा वास येत होता, चांगला वास, आणि त्या वासाने तिला भूक लागली होती, याचाही तिला राग आला.

शाळेच्या व्हरांड्यात गाव बसलं होतं. ओल्या गोधड्या, गाठोडी, दोन शेळ्या, भिंतीला टेकलेले म्हातारे. दाराशी जानराव उभा होता. हा पवनचा चुलता, भावकीतला वडील माणूस. राधिकाने खोकं उघडून पहिलं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं, सावकाश, जसं काही ते फुटेल.

'बाई, राग मानू नको,' तो म्हणाला. 'आमच्या गावात आज कढई चालत नाही.'

'पण एकाच घरी...' राधिका म्हणाली आणि थांबली.

'एकच घर हाय हे सारं.'

व्हरांड्यातल्या बायांनी नजर खाली घातली. राधिका खोकं हातात धरून उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गोजराबाईने ते पाहिलं, बारीक पाहिलं, आणि तिला जे वाटलं ते आनंदाशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने टोपल्यावरचा फडका काढला.

'भाकर हाय, जानरावभाऊ,' ती म्हणाली. 'आन बिनफोडणीचं वरण.'

जानरावने मान हलवली. 'तुमाले समजते, गोजराबाई,' तो म्हणाला. एवढंच. एवढ्याचसाठी ती तिथवर आली होती. बाया उठल्या, पोरांना पुढे केलं, ताटल्या निघाल्या. गोजराबाई भाकरी मोडून देऊ लागली. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला नारिंगी जाकीट भिंतीकडे सरकताना दिसत होतं.

वर्गाच्या आतून एक बाई बाहेर आली. राखी, पवनची बायको. तिच्या लुगड्याचा काठ चिखलाने कडक झाला होता. ती कोणाशी न बोलता टोपल्यापाशी आली, आत पाहिलं, गंजाचं झाकण उचलून पाहिलं.

'हे काय हाय?' तिने विचारलं.

'जेवन हाय बाई,' गोजराबाई म्हणाली. 'दोन घास खाय.'

'फोडनी काहून नाही याले?'

गोजराबाईने झाकण पुन्हा गंजावर ठेवलं. 

'हा कडू घास हाय,' राखी म्हणाली. ती ओरडली नाही. बाजारात भाव विचारावा तशी बोलली. 'माह्या मानूस मेला, हे कोनं सांगतलं तुमाले? पाह्यला काय तुमी त्याले? सापडला काय तो कोनाले?'

'राखी,' जानराव म्हणाला.

'काकाजी, तुमी थांबा. तुमी सकायपासून मले रडवून राह्यले. मी रडलो नाही, आन रडनार नाही.' ती वळली, भिंतीपाशी ठेवलेल्या खोक्यातून एक पाकीट काढलं, दातांनी फाडलं आणि पुरी तोंडात घातली. सगळं गाव पाहत होतं. कोरड्या तोंडाने ती पुरी गिळवत नव्हती. तिने चावत चावत ती गिळली आणि दुसरी काढली. 'मी खाल्ली,' ती म्हणाली. 'आता ज्याले कडू घास खायाचा असन त्यानं खावा. माह्यासमोर खावा.'

व्हरांड्यात ताटल्या हातात धरलेल्या बाया तशाच उभ्या राहिल्या. भाकर खाणं म्हणजे पवन मेला असं त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हणणं, हे आता पोरांनाही कळलं होतं. एका म्हातारीने आपल्या हातातला तुकडा हळूच टोपल्यात परत ठेवला. मग दुसरीने. शेवटी जानरावनेच खोक्यातून पाकिटं काढून वाटायला सुरुवात केली. राधिका पुढे आली नाही. तिला बोलवावं लागलं.

गोजराबाई टोपल्यापाशी बसून राहिली. मोडलेल्या भाकरी सांधता येत नाहीत; तिने त्या तुकड्यांवर तुकडे रचून फडका टाकला.

परतताना ट्रॉलीत राधिका रिकामी खोकी एकात एक घालत बसली. पुलावर चिखल चुकवण्यासाठी फुलसिंगने ट्रॅक्टर थांबवला, मागे येऊन टोपल्यातली एक भाकर उचलली आणि गंजात बुडवून खाल्ली. 'मी भावकीतला नाही,' तो म्हणाला. 'आमाले चालते.' गोजराबाई त्याच्याकडे पाहून हसली नाही.

पुढचे दिवस राधिकाची खोकी बेलगव्हाणला जात राहिली. गोजराबाई वावरातच राहिली. पावसाने मेथी बसली होती, ती सडकी काडी निवडून वेगळी काढत बांधावर बसे. रस्त्याने कोणी बेलगव्हाणकडून आलं की हात न थांबवता विचारे, 'सापडला काय?' लोक नाही म्हणत. लोकांना वाटे, बाईचा जीव तुटतो. तसं दोघा-तिघांनी रंगरावला सांगितलंही.

गोजराबाईला स्वतःला वेगळं दिसत होतं. पवन नाल्यात कुठे तरी बाभळीला अडकलेला सापडला, की बेलगव्हाणात कढई उतरेल. खोकी परत येतील. जानराव म्हणेल, गोजराबाईले बोलवा. मग ती जाईल, आणि राखी तिच्या हातची भाकर घेईल, घ्यावीच लागेल. हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे इतकं नीट येई, की त्यात राखीच्या कपाळावर कुंकू नाही हेही तिला दिसे. मग ती मेथी जोरात झटके.

'सापडला काय?' तिने पुन्हा कोणाला तरी विचारलं, तेव्हा रंगराव विहिरीवरून येत होता. तो माणूस जाईपर्यंत थांबला.

'तू त्याची वाट पाहून राह्यली,' तो म्हणाला, 'का त्याच्या मड्याची?'

इतक्या वर्षांत रंगराव तिला असं कधी बोलला नव्हता.  गोजराबाईने हातातली जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. रंगराव इंजिन सुरू करायला निघून गेला. त्या दिवसानंतर तिने रस्त्याने जाणाऱ्याला काही विचारलं नाही. पण कान मात्र रस्त्याकडेच होते, आणि ते कशाची वाट पाहतात हे आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी फुलसिंगचा ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉलीने खडखडत आला आणि वावरापाशी थांबला. फुलसिंग खाली न उतरताच बोलला.

'बाई, पवन जिता हाय.'

नाल्याने त्याला खूप खाली नेऊन पलीकडच्या काठावर टाकलं होतं. पाय मोडला होता, अंगात ताप होता. चालता येत नव्हतं, फोन पाण्यात गेला होता. फुलसिंगचा चुलतभाऊ भाऊसिंग त्या काठच्या दुसऱ्या तांड्यावर राहतो; गुरांमागे गेला असताना त्याला तो झुडपात सापडला. तांड्यावर नेऊन त्याने त्याला घरात ठेवलं. शुद्धीवर येईपर्यंत तो आपलं नावगावही नीट सांगत नव्हता. रस्ते बंद, तांड्यावर फोनला रेंज नाही. आता त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि राखी तिकडे गेली होती.

'बरं झालं,' गोजराबाई म्हणाली.

'बरं काय, लय बरं झालं,' फुलसिंग म्हणाला आणि पुढे गेला. त्याला ती बातमी गावभर वाटायची होती.

गोजराबाई बांधावर बसली. बरं झालं, हे खरंच होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेही खरं होतं. पण फुलसिंगने 'जिता' म्हटलं त्या क्षणी आत काही तरी खचकन खाली बसलं होतं, हातातला पैजेचा डाव जावा तसं. ते एवढंसंच होतं आणि लगेच गेलं. तरी तिने ते पाहिलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

राधिका दुपारी आली. कुंपणाच्या पलीकडे उभी राहिली नाही. फिरून, रस्त्याने, दारातून आली. अंगात जाकीट नव्हतं.

'काकू, एक इचारू?'

'इचार.'

'जानरावकाका म्हणत होते, तुमी तिथं घराघरानं रोपं विकता, बेलगव्हाण एका भावकीचं आहे हे तुमाले ठाऊक आहे.  मी आलती ना इचाराले कुंपणापाशी. मंग तुमी सांगतलं काहून नाही?'

रंगराव ओट्यावर बसला होता. तो उठून आत गेला नाही.

गोजराबाईला खोटं बोलायला वेळ होता. विसरले म्हणता आलं असतं. राधिकाने मानलंही असतं.

'सांगतलं असतं,' ती म्हणाली, 'तर तू भाकरी केल्या असत्या. शेडात बाया होत्याच. मंग मी काय केलं असतं?'

 एखादी दुसरी रागावून गेली असती, किंवा रडली असती, किंवा पायाशी वाकली असती. राधिका ओट्याच्या कडेला बसली.

'मी सगळ्याईसमोर उभी होती तिथं,' ती म्हणाली. 'पुऱ्या घेऊन. जमीन दुभंगावी असं वाटलं मले.'

'मी पाह्यलं.'

'तुमाले बरं वाटलं?'

'वाटलं,' गोजराबाई म्हणाली.

ओट्यावरच बसलेला रंगराव खाकरला.  शेडाकडून भांड्यांचा आवाज येत होता.

'खालची घरं अजून राहण्याजोगी नाहीत,' शेवटी राधिका म्हणाली. 'उद्याही डबे न्यायचे आहेत. शेडात माणसं कमी हायेत, सोयाबीनले लागले सारे. या तुमी. नाही आल्या तरी मी कोणाले सांगनार नाही, आजचं.'

ते शेवटचं वाक्य नसतं तर गोजराबाई गेली नसती. पण राधिकाने एवढं देऊन टाकल्यावर घरात बसून राहणं तिला जमेना. आपण आजवर देत आलो. घेण्याची सवय तिला नव्हती, आणि जिच्याकडून घ्यायचं ती ही.

दुसऱ्या सकाळी ती शेडात गेली. बायांनी सरकून जागा दिली. तिने लाटणं घेतलं, कणीक दाबून पाहिली. 'सैल हाय,' म्हणाली. 'आमी अशीच मळतो,' कोणी तरी म्हणालं. तिची पहिली पुरी कढईत फुगली नाही. राधिकाची शेजारीच टम्म फुगून वर आली. गोजराबाईने आपली पुरी झाऱ्याने दाबली, तरी ती पापडासारखी पडून राहिली. हे तिने कोणाला दिसू दिलं नाही, असं तिला वाटलं.

बेलगव्हाणच्या शाळेत त्या दिवशी आवाज होता. पोरं व्हरांड्यात पळत होती. जानराव आपल्या भावकीतल्या दोघांशी पत्र्यांवरून वाद घालत होता. राखी दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती. पवनला अजून काही दिवस तिथंच राहायचं होतं. गोजराबाईने तिला दुरून पाहिलं आणि ती खोक्यांच्या मागे राहिली. पाकिटं देताना ती माणसांचे हात पाहत होती, तोंडं नाही.

एक हात पुढे आला, त्याने पाकीट घेतलं नाही.

'काकू,' राखी म्हणाली. 'भाकर नाही आनली?'

गोजराबाईने वर पाहिलं.

'पुरी खाऊन खाऊन तोंड विटलं,' राखी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता का, हे गोजराबाईला कळेना, बहुतेक नव्हता. तिला घाई होती, पुलापलीकडे जाऊन बस गाठायची होती. 'आमच्या मानसालेही दवाखान्यात भाकरच पाह्यजे म्हन्ते. भाऊसिंगकडं खाल्ली ना, तिचीच गोडी लागली. त्या दिवशीची तुमची भाकर चांगली दिसत होती, पन नाही खाता आली. आता चालते. आता काय, नुसती भाकर हाय ती.'

गोजराबाईच्या पुढे पुऱ्यांचं खोकं होतं. तिने आज भाकर आणलीच नव्हती. यायचं, मान खाली घालून वाटायचं आणि परत जायचं, एवढंच ती ठरवून आली होती. आता राखीपुढे रिकामे हात दाखवण्याची तिच्यावर वेळ आली. ती म्हणणार होती, 'आनतो बाई उद्या, तव्यावरची, फोडनीच्या वरनासंग.'

'उद्या आणतील काकू,' मागून राधिका म्हणाली. 'फोडणीच्या वरणासोबत.'

राखीने 'बरं' म्हटलं, पवनच्या कपड्यांची पिशवी काखेत मारली आणि बसच्या रस्त्याने निघाली. गोजराबाई मागे वळली नाही. राधिका कशी उभी असेल हे तिला न पाहता माहीत होतं, पदर सारखा करत, चांगुलपणाने. ते वाक्य गोजराबाईचं होतं. सगळ्या गावात ते फक्त तिचंच होतं, आणि तेही राधिकाने बोलून टाकलं होतं.

तिने पुढचं पाकीट उचललं आणि पुढच्या हातात दिलं. परतीच्या वाटेवर पूल ओलांडल्यावर ती फुलसिंगला म्हणाली, ट्रॅक्टर गिरणीवरून घे, घरात जवारीचं पीठ नाही.

'किती पीठ घ्याचं?' फुलसिंगने विचारलं.

'लय,' ती म्हणाली. 'आन राधिकाले सांग, कोनाले मेसेज पाठवू नको. मी हाक देतो.'